भाऊजींच्या गाडीला लागलेला माझा हात

तीर्थस्वरूप वहिनींच्या पायांशी धाकट्या जावेचा नमस्कार.

इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. तुमची कंबर आता कशी आहे? मागच्या वेळी खुर्चीतून उठताना तुम्ही जो आवाज काढलात तो माझ्या कानात अजून आहे. जड बादल्या उचलू नका. सासूबाईंचे गुडघे काय म्हणतात? भाऊजींच्या तब्येतीची चौकशी करत नाही, कारण मागच्या महिनाअखेरीस ते इथे गाडीभोवती ज्या उत्साहाने फेऱ्या मारून गेले ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या माणसाला काहीही झालेलं नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. एक तर तुमच्याकडचा फोन कायम स्पीकरवर असतो. दुसरं म्हणजे मला यावेळी फुशारकी मारायची आहे, आणि ती फोनवर नीट मारता येत नाही. समोरचा माणूस मध्येच ‘हो का’ म्हणतो आणि सगळी वाफ निघून जाते. हे पत्र तुम्ही सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवाल हे मला ठाऊक आहे, दाखवावंच. फक्त कंसात जे लिहिलंय ते तुमच्यापुरतं. कंस आला की जरा खोकायचं आणि पुढच्या ओळीवर जायचं. (खोकून झालं असेल तर सांगते, पत्र खरं तर सासूबाईंनीच ऐकावं म्हणून लिहितेय.)

तर गाडी. तुम्ही तिकडे राहायला गेलात, तिथे गाडी उभी करायला जागा नाही म्हणून भाऊजींनी आपली गर्द मरून गाडी धाकट्या भावाच्या हवाली केली, तो दिवस आठवतोय ना? भाऊजींनी किल्ली अशी दिली की मला वाटलं आता डोळ्यांत पाणी येणार. आलं ते यांच्याच डोळ्यांत. (गाडी मिळाली म्हणून नव्हे, जबाबदारी आली म्हणून. तुमचे दीर आपल्या भावाला किती घाबरतात ते तुम्ही लग्न होऊन आल्यापासून बघताय.) आणि भाऊजींची नजर म्हणजे काय! सारा जन्म काचेच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढलेला माणूस. जेवताना पेल्याच्या काचेत केसाएवढी रेघ दिसली तरी ताट बाजूला ठेवून उठायचे म्हणे. अशा माणसाने वर्षानुवर्षं जपलेली गाडी आमच्या फाटकाच्या आत आली, आणि आमच्या घरातली शांतता फाटकाच्या बाहेर गेली.

यांनी गाडी जपायला सुरुवात केली. वहिनी, त्या गाडीचं जे काही नुकसान झालं ते निव्वळ जपण्याने झालं. वापरण्याने काही झालं नाही, कारण हे ती वापरतच नव्हते. पहिलं म्हणजे यांनी एक जाडजूड कव्हर आणलं. संध्याकाळी गाडीवर दिवसभराची धूळ असायची, त्या धुळीवरच हे कव्हर ओढायचे. सकाळी ते तसंच खेचून काढायचे. वारा सुटला की कव्हरची कड बॉनेटवर फडफडत राहायची, आणि मधे धूळ. म्हणजे पॉलिश पेपरने गाडी घासावी तसंच झालं की नाही! वर रोज सकाळी कोरड्या कापडाने पुसणं. कापड कुठलं, तर यांचाच जुना शर्ट, आणि त्याचं एक बटण तसंच होतं. मी ते दाखवलं तर म्हणाले, “एक बटण काय करणार आहे?” काही महिन्यांनी एका सकाळी ऊन तिरपं पडलं, आणि बॉनेटवर कोळ्याने जाळं विणावं तशा बारीक गोल गोल रेघा चमकल्या. हे म्हणाले, उन्हाने झालं. (दिवसभर लोकांच्या विजेच्या मीटरमधले दोष शोधणारा माणूस घरी आला की त्याला दोष फक्त सूर्यात दिसतो.)

तेवढ्यावर भागलं असतं. पण भाऊजींचा फोन आला, की महिनाअखेरीस त्या बाजूला काम आहे, गाडी बघून जाईन. आमची प्रकृती विचारायची राहिली असेल, असू दे. फोन ठेवल्यापासून हे अंगणात येरझाऱ्या घालायला लागले. गाडीच्या शेजारी माझ्या कुंड्यांचा लोखंडी स्टँड होता. तो कधीतरी गाडीला घासेल, म्हणून आजच हलवलेला बरा, असा विचार यांनी केला. विचार उत्तम होता. स्टँड उचलला, वळले, आणि स्टँडचा कोपरा मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत असा ओढला गेला की त्याचा आवाज मला आत पार्लरमध्ये ऐकू आला.

त्यावेळी माझ्या खुर्चीत आमच्या पलीकडच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई बसल्या होत्या, तोंडाला पॅक लावून. पार्लरच्या दारावर ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी आहे आणि ती यांनीच लावलेली आहे. तो पडदा सारून हे आत आले. चेहरा पांढराफटक. पॅक कुणी लावलाय तेच कळेना.

“जरा बाहेर ये.”

“बाईंचा पॅक वाळायचाय.”

“तो वाळेल. मी वाळून चाललोय, त्याचं बघ.”

बाहेर जाऊन पाहिलं. लांबलचक पांढरी रेघ, एखाद्याने खडूने ओढावी तशी. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण बाईंचा पॅक खरंच वाळत होता.

पुढचे काही दिवस यांनी स्वतः उपचार केले. कुणीतरी सांगितलं म्हणून टूथपेस्ट चोळली. गाडीला वास चांगला आला. मग खोबरेल लावलं. तेल लावलं की चरा दिसेनासा होतो हे खरं, पण ऊन चढलं की पुन्हा हजर, आणि वर धूळ चिकटलेली. मग हे माझ्या पार्लरमधून लाल नेलपेंटची बाटली चोरून घेऊन गेले. (नवऱ्या मुलींसाठी ठेवलेली, चांगल्यातली.) मरून गाडीवर लाल रेघ! मी ती रिमूव्हरने पुसू का म्हणेपर्यंत यांनी भांड्यांची घासणी आणून ती खरवडलीसुद्धा. चरा होता तिथेच राहिला आणि त्याच्या भोवती जेवणाच्या ताटाएवढा एक निस्तेज, आंधळा डाग तयार झाला. तेव्हा मात्र हे पायरीवर बसले आणि म्हणाले, “दादाला सांगू या का, की गाडी चोरीला गेली?”

डेंटिंग-पेंटिंगवाल्याला बोलावलं. त्याने लांबूनच बघितलं आणि सांगितलं की ही सगळी बाजू खरवडून नव्याने रंगवावी लागेल, आणि हातात आधीच कामं आहेत, तेव्हा महिनाअखेरपर्यंत काही जमायचं नाही. शिवाय भाऊजींना नव्या रंगाचा वास फाटकातूनच आला असता.

तो गेल्यावर मी चऱ्यावरून नख फिरवून पाहिलं. इथून पुढचं नीट वाचा वहिनी, कारण इथून पुढे मी आहे. माझं अर्धं आयुष्य नखांत गेलंय. दोन्ही कडांना माझं नख न अडता सरकलं; म्हणजे तिथे फक्त वरचा पारदर्शक थर खरचटला होता, रंग खाली शाबूत. मधल्या भागात नख अडकलं. म्हणजे तिथे रंग गेला आणि खालचा अस्तराचा थर उघडा पडला. आता मला सांगा, नखाला आपण काय करतो? आधी बेस, मग रंग, मग वर चकाकीचा थर. गाडीला कारखान्यात हेच करतात. मी यांना म्हटलं, “हे मी करते.”

“ही गाडी आहे,” हे म्हणाले, “बोट नाही.”

“बोट हलतं,” मी म्हटलं. “गाडी निदान गप्प उभी राहते.”

(हे मी जोरात म्हटलं खरं, पण चुकलं असतं तर ‘भुवया कोरणारीने दादांची गाडी कोरली’ असं तुमच्याकडे वर्षभर चाललं असतं. कुणी चालवलं असतं ते लिहीत नाही.)

दाराच्या चौकटीवर रंगाचा नंबर असतो, तो सांगून दुकानातून बाटलीभर रंग आणवला. आधी गाडी धुतली. मग चरा स्पिरिटने पुसून काढला, कारण यांचं खोबरेल अजून खाचेत बसलेलं. तेलकट नखावर रंग धरत नाही आणि तेलकट पत्र्यावरही नाही. नेल आर्टचा सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि रंग भरला. मागे सरकून बघते तर काय, खाचेत एक गडद जळू बसल्यासारखी! नंबर बरोबर, रंगही बरोबर, पण गाडी इतकी वर्षं उन्हात उतरलेली. नंबर तिच्या जन्माच्या वेळचा. हे मागून म्हणाले, “मी म्हटलं नव्हतं?” मी मागे न बघता तो ओला रंग थिनरच्या बोळ्याने पुसून काढला आणि आत निघून गेले. त्या दिवशी मी तिखटाचा डबा जरा जोरात आपटला, एवढं कबूल करते.

पण मग डोक्यात प्रकाश पडला. नवरी मुलगी फाउंडेशन घ्यायला येते आणि हाताच्या पंजावर लावून बघते. मी तिला ओरडते, अगं हाताचा रंग वेगळा, चेहऱ्याचा वेगळा, जबड्याच्या कडेला लावून बघ, आणि तेही ट्यूबलाइटखाली नको, दारात ये. मीच ते विसरले होते. दुसऱ्या दिवशी दुकानातून तपकिरी आणि पांढरा असे थोडे थोडे रंग आणवले, काचेच्या तुकड्यावर थेंब थेंब मिसळत गेले, आणि दाराच्या खालच्या कडेला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, सकाळच्या उजेडात ठिपके देऊन बघितले. आधी विटकरी झाला, मग कावीसारखा, मग एक ठिपका दिला आणि तो वाळल्यावर मला शोधावा लागला. मी यांना हाक मारली. हे आले, चष्मा कपाळावर, वाकून वाकून बघितलं आणि म्हणाले, “कुठेय?” लग्न झाल्यापासून यांच्या तोंडून इतका गोड शब्द मी ऐकला नव्हता.

मग मात्र मी पार्लरला दुपारची सुट्टी दिली. आधी अस्तर, मग रंग. पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा. जाड थर दिला की सुरकुत्या पडतात, हे मी शिकाऊ मुलींना सांगून सांगून थकलेय. ऊन येऊ नये म्हणून हे छत्री धरून उभे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘हळू चाला, धूळ उडते’ असं सांगत होते. वरचा पारदर्शक थर दिला आणि एक डास येऊन नेमका त्यात बसला. हे छत्री टाकून डास मारायला धावले! मी यांचा हात वरच्या वर धरला. भुवयांचा चिमटा आणला, श्वास रोखला आणि डास पायांसकट उचलला. एक पायसुद्धा मागे राहिला नाही. (तो चिमटा उकळून घेतला, काळजी नसावी.)

चांगले काही दिवस वाळू दिल्यावर, भरलेली रेघ जी किंचित वर आली होती ती अतिशय बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासली. घासल्यावर सगळं धुरकट दिसतं, तेव्हा हे खुर्ची शोधायला लागले. मी म्हटलं, थांबा. कंपाउंड, म्हणजे रंगाला चमक आणणारी पेस्ट, घेतलं मऊ कापडावर, आणि चोळत गेले. धुकं विरावं तशी चमक वर आली. यांच्या घासणीने केलेला तो आंधळा डाग उघडला, आणि मग हात थांबेना, म्हणून बॉनेटवरचं ते कोळ्याचं जाळंही काढलं. शेवटी मेणाचा हात दिला. दंड असे भरून आले होते की दोन दिवस मला स्वतःची वेणी घालता येईना, हे घालून देत होते. (वाईट घालतात.)

आता भाऊजी आले त्या दिवशीचं. तुम्हाला त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, म्हणून मी सांगते. आले, चपला काढायच्या आधी गाडीकडे गेले. खिशातून टॉर्च काढला. एक डोळा मिटून गाडीच्या कडेने बघितलं, तळवा फिरवला, वाकले, उठले, पलीकडे गेले, परत आले. मी चहाचा ट्रे घेऊन पायरीवर उभी. हे माझ्या बाजूला, आणि यांचा श्वास मला ऐकू येत होता. शेवटी भाऊजींनी टॉर्च बंद केला आणि यांच्या पाठीवर थाप मारली.

“धाकट्या, वस्तू सांभाळावी तर अशी. मला वाटलं होतं तू हिचं भंगार करशील.”

वहिनी, ही थाप यांना जन्मात पहिल्यांदा मिळाली. छाती अशी फुगली की शर्टाची बटणं ताणली. मी मनात म्हटलं, मिळू दे बिचाऱ्यांना. पण ट्रेमधल्या कपबश्या आपोआप वाजायला लागल्या. यांनी माझ्याकडे बघितलं, मग कपबश्यांकडे, मग स्वतःच्या पायांकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“दादा,” हे म्हणाले, “मी हिचं भंगारच केलं होतं. नीट केली ती हिने.”

आणि मग सगळं सांगितलं. कव्हर, बटण, स्टँड, खोबरेल, नेलपेंट. घासणीचं सांगताना आवाज चिरकला, पण सांगितलं. गाडी चोरीला गेल्याचं सांगायचा बेत होता, तेसुद्धा सांगितलं, जे न सांगून चाललं असतं. (त्या क्षणी मला तुमचे दीर फार म्हणजे फार आवडले. हे वाचताना जास्त वेळ खोका.)

भाऊजींनी टॉर्च पुन्हा लावला. म्हणाले, “कुठल्या बाजूला?”

यांनी बाजू दाखवली. भाऊजी पुन्हा वाकले. आता तर त्यांचं नाव पणाला लागलं होतं. टॉर्च तिरपा धरला, सरळ धरला, चष्मा काढला, घातला, वर्तमानपत्र समोर धरून त्याची अक्षरं दारात कशी उमटतात ते बघितलं. घाम आला. मग माझ्याकडे वळले. इतकी वर्षं भाऊजी माझ्याशी यांच्यामार्फत बोलत आले, ‘तिला सांग चहा चांगला होता’ असं, मी समोर उभी असताना. त्या दिवशी सरळ मला म्हणाले, “दाखव.”

मी ट्रे ठेवला आणि मोठ्या ऐटीत बोट टेकवलं. “हा इथे.” तिथे काही नव्हतं. “नाही, जरा मागे असेल.” मागेही नव्हतं. पुढच्या दाराच्या मुठीपासून मागच्या दाराच्या मुठीपर्यंत नख फिरवलं, ते कुठे अडेचना. अहो, मला स्वतःला सापडेना! मी आधी हसले, आणि मग का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी पदराने न पुसता मनगटाने पुसलं, कारण बोटांना गाडीचं मेण लागलं होतं.

भाऊजी खाली पायरीवर बसले. “कारखान्यात माझ्या हाताखाली तू असतीस,” ते म्हणाले, “तर मला निम्मं काम राहिलं नसतं.” चहा गार झाला होता, तो तसाच प्यायले. मग म्हणाले, “तुझं पार्लर बघू.” यांनी दारावरच्या पाटीकडे बघितलं, मी म्हटलं, आज गिऱ्हाईक नाही, या. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत येऊन ओळीने लावलेले ब्रश बघितले, नखं घासायची पट्टी उचलून आपल्या अंगठ्यावर घासून पाहिली, आणि बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिले. त्यांचा उजवा अंगठा अजून चमकतोय का बघा.

तेव्हापासून आमच्या फाटकाशी गाड्या उभ्या राहायला लागल्यात. बायका भुवयांना येतात आणि नवऱ्यांना गाडीसकट घेऊन येतात. मी सगळ्यांना एकच ठणकावते: आधी नुसतं पाणी सोडा, धूळ वाहून जाऊ द्या, मग हात लावा. एका बादलीत साबण, दुसरीत कापड खळबळायला साधं पाणी. धुळीचा चेहरा टॉवेलने खसाखसा पुसणाऱ्या बाईला मी बोलते, तशी गाडीवाल्यालाही बोलते. पाखरांची घाण ओल्या कापडाखाली भिजू द्यायची, खरवडायची नाही. दाराच्या मुठीत हात घालताना अंगठ्या सांभाळायच्या. आणि कव्हर धुतलेल्या गाडीवरच, नाहीतर नकोच. हे बाजूला उभे राहून मान डोलावतात आणि शेवटी म्हणतात, “घासणी तर अजिबात नको.”

बाकी क्षेम. कंबरेला जपा, आणि सासूबाईंना सांगा की सूनबाईचा हात आता पत्र्यावरही बसलाय.

तुमची,
धाकटी जाऊ

ता. क. उरलेल्या रंगाची बाटली मी नेलपेंटच्या रांगेत ठेवली होती. मुख्याध्यापिका बाईंनी मी फोनवर असताना तीच उचलून लावली. रंग त्यांना फार आवडला. नखावरून तो अजून निघत नाहीये, पण त्यांची तक्रार नाही.

ता. क. दुसरा. आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. गाडी देताना भाऊजींनी यांना बजावलं होतं की चालवायची ती तू एकट्याने. हे तो शब्द असा पाळतात की मी जिच्या अंगावरून इंच इंच हात फिरवला, तिच्या स्टिअरिंगमागे मला बसता आलेलं नाही. मला गाडी शिकायची आहे. ओरखडे पडतील, पण ते भरणारी घरातच आहे. भाऊजींना तेवढा एक शब्द फोनवर टाकायला सांगा. सासूबाईंनी सांगितला तर त्याहून बरं, त्यांच्यापुढे भाऊजींचं काही चालत नाही. (हे मात्र मोठ्याने वाचा.)

ता. क. तिसरा. शब्द जरा लवकर मिळाला तर सोयीचं होईल. काल हे कामावर गेल्यावर मी गाडी फाटकापर्यंत नेली आणि परत आणली. नेताना उत्तम गेली. आणताना फाटकाचा खांब जरा आत आला. बाजूच्या आरशाच्या पाठीवर रंगाचा पहिला थर वाळलाय, दुसरा आज दुपारी देते.